पिवळा ताप म्हणजे कावीळ नव्हे

घाना हा देश आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. जावयाची बदली तिकडे टेमा नावाच्या बंदराच्या गावी झाली आणि मुलगी त्याच्याबरोबर गेली, म्हणून कळलं. नाहीतर न कळताच मेले असते आणि काही बिघडलं नसतं.

शारजात अल मजाजच्या तळ्याकाठी आम्ही चार मराठी बायका संध्याकाळी चालायला जातो. तिथं मी सांगितलं की लेक घानाला गेली. एकीनं विचारलं, "तिकडे सिंह रस्त्यावर येतात का हो?" दुसरी म्हणाली, "माझा भाचा नैरोबीला असतो. लेकीला सांगा, रविवारी जाऊन येत जा त्याच्याकडे." नैरोबी आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला आहे. टेम्यापेक्षा शारजाहूनच जवळ पडेल. तिसरीला ऐकू कमी येतं. ती म्हणाली, "घाणा? तेलाचा? जावई इंजिनिअर ना तुमचे?" मी पुढं काही सांगायचं सोडून दिलं.

मी स्वतः चौथी शिकलेली. आटपाडीजवळच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. नवरा गेल्यावर मुलानं मला शारजाला आणलं. त्याचं एसी बसवायचं कंत्राटाचं काम आहे, सून दुबईत ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकवते, त्यामुळे नातीला मी वाढवलं. ती आता एकोणीस वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं चालतं. चालतं असं मला वाटत होतं.

मुलगी अडतीस वर्षांची. तिची आधीची दोन मुलं सातव्या महिन्यात गेली. दोन्ही वेळा ती पुण्यात होती आणि मी शारजात. दोन्ही वेळा विमानात बसून मी पोचले ती सगळं संपल्यावर. दुसऱ्या वेळी तर तिनं दार उघडलं आणि नुसती बाजूला झाली. मी आत गेले, भांडी घासलेली नव्हती ती घासली. 

तिसऱ्या वेळी सातवा महिना नीट पार पडला, आठवाही. तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, तू येशील का?" माझी मुलगी मला कधी ये म्हणत नाही. ती म्हणते, तू कशाला दगदग करतेस. म्हणून मी लगेच हो म्हणाले. तारखेला पाच आठवडे होते. या वेळी आधी पोचायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलानं कपाळाला हात लावला.

"आई, आठ तासांचं विमान आहे."

"बसायचंच आहे ना. इथंही बसतेच."

"तिथं मलेरिया आहे."

"तुझी बहीण आहे तिथं."

"आई, तसं नाही. तिथं जायला यलो फीव्हरची लस लागते. पिवळं कार्ड असतं, त्याशिवाय व्हिसाचा अर्जच घेत नाहीत, विमानतळावरही बघतात. आणि लस घेतल्यावर दहा दिवस गेल्याशिवाय कार्ड चालत नाही."

"मग आज घेऊ. दहा दिवस उद्यापासून मोजायला लागू."

त्यानं बायकोकडे बघितलं. सून समजूतदार आहे, ती म्हणाली, "आईंना जायचंय तर जाऊ दे." मग तो म्हणाला, "बघू, इन्शाल्ला." या देशात वीस वर्षं राहून मला इन्शाल्लाचे सगळे अर्थ कळतात. त्यातला हा अर्थ 'नाही' असा होता. मी नातीला अरबीत म्हटलं, यल्ला, चल, लस घ्यायला तू माझ्याबरोबर ये.

नातीनं आधी कर्तव्य म्हणून घानाची माहिती काढली. बेचाळीस पानं. छापून, टाचून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "एव्हरीथिंग यू नीड टू नो, आजी." इंग्रजी मला अक्षर लावून वाचता येतं, अर्थ लागत नाही, म्हणून तीच वाचून सांगायला बसली. राजधानी अक्रा. पैशाला सेडी म्हणतात. सरकारी भाषा इंग्रजी, घरच्या भाषा पुष्कळ. आपल्या इथल्यासारखेच तीन जाड पायांचे प्लग, त्यामुळे वेगळी पिन न्यायला नको. वेळ आपल्यापेक्षा चार तास मागं. सोनं निघतं, कोको पिकतो. इंग्रजांच्या काळी त्या मुलखाला सोन्याचा किनाराच म्हणत. समुद्राकाठी जुने किल्ले आहेत, तिथं माणसं कोंडून ठेवायचे आणि जहाजात भरून विकायला न्यायचे. माणसानं बांधलेलं एक अवाढव्य तळं आहे. डिसेंबरात वाळवंटाकडून धुळीचा कोरडा वारा येतो. पाऊस एप्रिलपासून. लाटांवर फळी घेऊन खेळायला कुठं जावं, याची दोन पानं होती.

मी म्हटलं, "नळाला पाणी किती वेळ असतं?"

तिनं पानं उलटली. "डझन्ट से."

"दवाखान्यात आईला आत सोडतात का?"

"आजी, धिस इज फॉर टूरिस्ट्स."

"मग मी कोण आहे?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "यू आर आजी."

बेचाळीस पानांत माझ्या कामाचं एक पान नव्हतं. गॅस कसा मिळतो, लाइट जाते का, डिंक-खारीक मिळते का, अळीव न्यायला बंदी आहे का, भांडीवाली बाई मिळते का. जगात लोक फक्त लाटांवर खेळायलाच जातात, असा छापणाऱ्यांचा समज दिसतो. बाळंतपणाला जाणारी बाई त्यांनी कधी बघितलीच नसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवासाच्या लसी देणाऱ्या दवाखान्यात गेलो. नर्स केरळची होती. तिचं हिंदी आणि माझं हिंदी एकमेकांना पुरेसं झालं असतं, पण नात पुढं सरसावली. तिला वाटलं, आजीचं काम आपण करतोय तर नीट करावं. नर्स संगणकावर प्रश्न वाचायची, नात मला मराठीत सांगायची, मी उत्तर द्यायची, नात इंग्रजीत सांगायची. अंड्यानं अंगावर पुरळ येतं का. नाही. बीपी, साखर. बीपी आहे, साखर नाही. असं बरंच झालं. मग नातीनं विचारलं, "आजी, तुला कधी पिवळा ताप आला होता?"

आता सांगा, पिवळा ताप म्हणजे काय? ताप आणि त्यात माणूस पिवळं पडतं. मी दहा वर्षांची असताना मला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे झाले होते आणि अंगात ताप होता. माझ्या आईनं मला शेजारच्या गावी नेलं. तिथल्या म्हाताऱ्यानं कसल्याशा काड्यांची माळ करून डोक्यावर ठेवली. ती माळ वाढत जाऊन गळ्यात उतरते आणि कावीळही उतरते, असं म्हणत. माळ गळ्यात उतरली खरी. दोरा सैल होता. कावीळ तिच्या मनानं महिन्याभरानं गेली. तोवर भाजलेले चणे आणि उसाचा रस. हे सगळं मी नातीला सांगितलं.

"सो, यस?" नात म्हणाली.

"हो. झाला होता. दहा वर्षांची होते."

नात नर्सकडे वळली आणि एका वाक्यात माझं सगळं बालपण सांगून मोकळी झाली. तिला उसाचा रस काही सांगता आला नाही. नर्सनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "अम्मा, पक्का येलो फीवर हुआ था?"

मला वाटलं, ही खोटं पकडते की काय. मी ठसक्यात म्हणाले, "पक्का. पूरा पीला हो गया था." आणि वर शहाणपण केलं. गोवर, कांजिण्या एकदा येऊन गेल्या की परत येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून म्हटलं, "एकदा हो गया तो फिर सुई किसलिए? वैसेच कार्ड दो."

हे माझं वाक्य. ते दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातलं नाही.

नर्सनं टाइप केलं आणि आत गेली. आतून दुसरी आली. दोघींनी पडद्याकडे बघितलं. वय साठीच्या वर, आणि त्यात हा आजार होऊन गेलेला, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय सुई देता येणार नाही. रक्त तपासायचं, जुने कागद आणायचे. "कौन सा पेपर?" मी विचारलं. आजारपणाचे. साठ वर्षांपूर्वीचे. आमच्या गावात तेव्हा जन्माचा कागद नव्हता, काविळीचा कुठून असणार? डॉक्टर सुटीवर होते. "अगले हफ्ते, इन्शाल्ला," नर्स म्हणाली. या इन्शाल्लाचा अर्थ पुढचा आठवडा असाच होता, पण पुढच्या आठवड्याचा शेवट.

एक आठवडा गेला. पाचातून एक.

त्या आठवड्यात मी बॅग भरली आणि परत काढली, कारण काय न्यायचं तेच कळेना. बेचाळीस पानं पिशवीत घेऊन मी खाली वाण्याकडे जात होते, त्यावरच्या झेंड्यामुळे एक गोष्ट झाली. आमच्या इमारतीच्या खाली रिसेप्शनवर एक आफ्रिकन बाई सिक्युरिटीला असते. पंचेचाळीसची असेल, अंगानं भक्कम. तीन वर्षं ती तिथं बसते आणि तीन वर्षं मी तिला फक्त "पार्सल आया?" एवढंच विचारत आलेय. त्या दिवशी तिनं पिशवीतून डोकावणारी पानं बघितली.

"मम्मा, ये मेरा फ्लॅग है."

"तुम्हारा? तुम घाना का है?"

"घाना का. टेमा के पास मेरा मम्मी का घर."

मी तिथंच खुर्ची ओढून बसले. ज्या गावाची माहिती मी दोन-तीन दिवस आकाशपाताळ एक करून शोधत होते, त्या गावची बाई माझ्या लिफ्टसमोर बसलेली. मी लगेच सुरू केलं, "तुम्हारा उधर पानी कितना टाइम आता है?"

तिनं हात वर केला. "मम्मा, एक मिनिट. घाना में पहले बोलने का, गुड मॉर्निंग. हाउ आर यू. घर कैसा है. बाद में सवाल. सीधा सवाल पूछेगा तो लोग गुस्सा करेगा. मैं भी गुस्सा किया, तीन साल."

मला राग आला. तिचा आला की माझा, ते सांगता येत नाही. आमच्या गावीसुद्धा कुणाच्या दारात गेलं तर आधी 'बरं हाय का' विचारतात, मग काम सांगतात. इथं येऊन मी ते विसरले आणि मला ते आठवण करून द्यायला माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान बाई लागली. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग. घर कैसा है?" ती म्हणाली, "घर अच्छा है. अब पूछो."

त्यानंतर मी रोज दुपारी तिच्या शेजारी बसू लागले. लोक येत-जात बघायचे. सुनेनं एकदा विचारलंही, "आई, खाली काय करता इतका वेळ?" मी म्हटलं, शाळेत जाते.

तिनं जे सांगितलं ते सांगते, कुणाला कामी येईल. डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हे आपल्यासारखंच. म्हाताऱ्या बाईला मान देतात, रांगेत पुढं घेतात, मात्र म्हातारीनंही तोंडावर हसू ठेवलं पाहिजे. "तुम्हारा फेस थोडा प्रॉब्लेम है," ती म्हणाली. पाण्याच्या छोट्या बंद पिशव्या मिळतात, दातानं कोपरा तोडून पितात. शिवण तपासून घ्यायच्या. लाइट जाते आणि येते, त्याला त्यांच्या भाषेत 'दुमसोर' म्हणतात, म्हणजे बंद-चालू. शब्द आहे म्हणजे गोष्ट नेहमीची आहे, हे मी समजून घेतलं आणि बॅगेत बॅटरी टाकली. ट्रोट्रो नावाच्या खासगी गाड्या असतात, आपल्या वडापसारख्या, दाबून माणसं भरतात. नव्या माणसानं एकटीनं बसू नये. आलं भरपूर, शेंगदाणे भरपूर, भेंडी भरपूर, मेथी विसरा. टेम्यात भारतीय दुकानं आहेत, तूरडाळ मिळेल. मच्छरदाणी लावायची आणि मलेरियाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

शेवटी मी बाळंतिणीचं विचारलं. ती खुर्चीत नीट बसली. म्हणाली, त्यांच्याकडेही मुलीची आईच येते. बाळाला गरम पाण्यानं रगडून आंघोळ घालते, हातपाय ओढून सरळ करते आणि शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी चोळते. आपण तेल चोळतो, ती लोणी. आठव्या दिवशी नाव ठेवतात, तोवर बाळ घराबाहेर काढत नाहीत. ज्या वारी जन्म झाला त्या वाराचं एक नाव असतंच, ते कुणी निवडत नाही.

"तुम्हारा बच्चा लोग को किसने नहलाया?" मी विचारलं.

"मेरी मम्मी. मैं दो महीने में इधर वापस. नौकरी."

एवढं बोलून ती उठली आणि पार्सलवाल्याची सही घ्यायला गेली. मीही उठले. डाळ शिजायला लावलेली होती.

आठव्या दिवशी मोठे डॉक्टर भेटले. हैदराबादचे होते, केस पांढरे. नात या वेळीही बरोबर होती. डॉक्टरांनी फाइल वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फाइल परत वाचली.

"अम्माँ, आप बचपन में कौन से मुल्क में थीं?"

"सांगली जिल्हा."

"अफ्रीका? साउथ अमेरिका? कभी गईं?"

"आटपाडी के बाहर मैं शादी के बाद गया."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "अम्माँ, ये बीमारी हिंदुस्तान में कभी हुई ही नहीं. इसीलिए तो हमारी सरकार इतना डरती है इससे. आपको सांगली में कैसे हो गई?" मग त्यांनी हळूच विचारलं, "आँखें पीली हुई थीं?"

"हां."

"पेशाब पीला?"

"हां."

"पीलिया हुआ था आपको?"

पीलिया. हा शब्द मला येत होता. इथल्या हिंदी मालिकांत कुणाला ना कुणाला पीलिया होतोच. मी नातीकडे बघितलं, नातीनं माझ्याकडे.

"हां," मी म्हणाले. "पीलिया. कावीळ."

"कावीळ इज जॉन्डिस," नात फोनमध्ये बघून म्हणाली. "आजी, यू सेड पिवळा ताप."

"तू म्हणालीस पिवळा ताप. मी कावीळ म्हणाले होते. चार वेळा."

"आय डोन्ट नो दॅट वर्ड."

"मग विचारायचं."

"यू सेड यस!"

डॉक्टर हसायला लागले. त्यांना हसायला काय जात होतं. मला हसू येत नव्हतं. पिवळा ताप डासानं होतो, आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत असतो, त्यानं माणसं मरतात. कावीळ तर आमच्याकडे घरटी एकाला होते. नुसत्या रंगावरून नाव ठेवलं की असं होतं. पण सगळा दोष नातीचा होता असंही मी म्हणणार नाही. तिला शब्द येत नव्हता आणि मला येत नाही हे कबूल करायचं नव्हतं. दोघींत मिळून एक आठवडा खलास.

साठीच्या वर या सुईचा धोका असतो, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "आई, सुईऐवजी डॉक्टरांची सूट देणारी चिठ्ठीही मिळते, ती घे." डॉक्टर म्हणाले, मिळते, पण ती मानायची की नाही हे समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात. मी म्हटलं, अक्र्याच्या विमानतळावरून परत पाठवलं तर मला तिथंच झटका येईल, त्यापेक्षा सुईनं काय व्हायचं ते होऊ दे. सही करता येते मला. केली. सुई दंडाला बसली, मुंगी चावल्यासारखी. एक दिवस अंग कसकसलं, बस.

पिवळं कार्ड हातात आलं. त्यावर दहा दिवसांनंतरची तारीख होती. एकदा घेतलं की जन्मभर चालतं, असं नर्स म्हणाली. माझ्या जन्माचं उरलंय किती, तरी ती कौतुकानं म्हणाली.

त्या संध्याकाळी मुलीशी व्हिडिओवर बोलले. मी काही सांगणार नव्हते, पण नात मागून डोकं घालून सगळं सांगून मोकळी झाली. मुलगी हसायला लागली. हसत हसत तिनं पोट धरलं.

"हसू नकोस," मी म्हटलं.

"आई, पूरा पीला हो गया था?" आणि परत हसली. दोन वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मला मात्र दिसत होतं ते तिच्या डोळ्यांखालचं काळं आणि पायांची सूज. मी म्हटलं, "पाय वर ठेव. मी येतेय."

"तारखेला अजून पावणेचार आठवडे आहेत, आई. तू दहा दिवसांनी निघालीस तरी वेळेत आहेस."

हिशेब बरोबर होता. पोटातल्या मुलाला हिशेब येत नाही.

व्हिसा सहा दिवसांत झाला. पासपोर्ट घेऊन मुलगा दुपारी घरी आला आणि बूट काढता काढता त्याचा फोन वाजला. जावई होते. मुलानं मला फोन दिला नाही, आधी खुर्चीवर बसवलं, त्यामुळे मला सगळं कळलं असं वाटलं.  मी म्हटलं, "सांग सरळ."

"मुलगी झाली. लहान आहे जरा, पण ठीक आहे. दोघी ठीक आहेत."

"रडली का बाळ?"

"कोण?"

"बाळ. जन्मल्यावर रडलं का?"

त्यानं जावयांना विचारलं. जावई म्हणाले, रडली, आणि अजून थांबलेली नाही.

मग मी उठून कुकर लावला. सुईनंतरचा तो सहावा दिवस होता. माझं कार्ड अजून चार दिवस बिनकामाचं होतं. पहिल्याच दिवशी मी 'नाही' म्हणाले असते तर त्याच दिवशी सुई झाली असती, आणि बाळ जन्मायच्या तीन दिवस आधी मी टेम्यात पोचले असते. हे मी तेव्हाच बोटांवर मोजलं. परत मोजलं नाही, मोजून उपयोग नव्हता.

मुलगा म्हणाला, "आता घाई नाही, आई. सगळं नीट झालंय. महिनाभरानं आरामात जा. मीही येतो."

मी म्हटलं, "बाळंतपण झालंय. बाळंतीण अजून आहे."

त्यानं दुबईहून सरळ जाणारं तिकीट काढलं.

विमानात आठ तास बसले. शेजारच्या बाईला आधी गुड मॉर्निंग म्हटलं, मग हातानं चाचपत पट्टा कसा लावायचा ते विचारलं. अक्र्याला उतरल्यावर अधिकाऱ्यानं पिवळं कार्ड उजेडात धरून तारीख बघितली आणि मला जाऊ दिलं. बाहेर शारजासारखा भट्टीचा उकाडा नव्हता, कोकणासारखा घामाचा होता. माती तांबडी. सिग्नलला गाडी थांबली की बायका डोक्यावर घमेली घेऊन पळत यायच्या, त्यात पाण्याच्या पिशव्या, केळ्याचे काप, टॉवेल, काय वाट्टेल ते. जावई गाडी चालवता चालवता सारखे म्हणत होते, "आई, ती थकलीय. तुम्ही तिला काही बोलू नका." मी काय बोलणार होते ते त्यांना कुठून कळलं कोण जाणे.

तो बाळाचा पाचवा दिवस होता. आपल्याकडे त्या दिवशी पाचवी पुजतात. माझ्याकडे पाटा-वरवंटा नव्हता, मी त्या भानगडीत पडलेही नाही. घरात शिरले तर न्हाणीघरात शेजारची एक घानाची बाई बसलेली. माझ्याच वयाची, माझ्यासारखाच जाड भिंगांचा चष्मा. पाय पसरून, त्यावर बाळाला पालथं घातलेलं. पाणी इतकं गरम की वाफ दिसत होती. जन्मापासून रोज तीच आंघोळ घालत होती, हे मला कुणी कळवलं नव्हतं. मी दारात उभी राहिले. ती बाळाच्या पाठीवरून हात फिरवत होती, तो हात बरोबर होता. चुकलेला असता तर मी बोलले असते.

आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला. "आई आली का?"

"आले."

"मग तिथं उभी काय राहिलीस? त्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे, आज तिसरा दिवस मी सांगतेय, माझी आई येईल ती घालेल. तू घाल ना."

त्या बाईनं माझ्याकडे वर बघितलं. मी साडीचा पदर खोचला आणि बाळ घ्यायला हात पुढं केले.

"आई," मुलगी आतून ओरडली, "आधी हात धू. विमानातून आलीयेस."

मी हात धुवायला गेले.